चार ते सहा

आईला जाऊन दोन वर्षं झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपला आवाज बसतोय. सर्दी नाही, खोकला नाही. दुपारी कुरिअरवाल्याने बेल वाजवली, मी "कोण?" म्हणायला गेले आणि घशातून नुसती खरखर आली. घड्याळात पाहिलं तर तीन वाजले होते. सकाळपासून मी एक शब्द बोलले नव्हते.

हे दुसऱ्या कुणाचं झालं असतं तर गोष्ट वेगळी. मी तेहतीस वर्षं अंधेरीच्या एका औषध कंपनीत टेलिफोन बोर्डावर बसत होते. तिथे मला चेहऱ्याने ओळखणारे कमी आणि आवाजाने ओळखणारे सगळे. पहिल्याच दिवशी मला एक नियम शिकवला होता: लाइनवरचा माणूस अडकला की त्याला ताटकळत ठेवायचं नाही. काहीतरी बोल, कुठेतरी जोडून दे, पण शांतता नको. सगळ्यांना जोडून देता देता माझं स्वतःचं तेवढं जुळायचं राहिलं, असं मी हसून सांगते. खरं म्हणजे आई अंथरुणाला होती आणि मागणी घालणारे तिच्यासकट मला घ्यायला तयार नव्हते. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही असं म्हणणं खोटं होईल, पण राग मात्र आईवर कधी काढला नाही.

ती गेल्यावर चारकोपच्या आमच्या बैठ्या घरात मी एकटी उरले. शेजार चांगला आहे, पण शेजारच्या सगळ्या बायका कामावर जातात. दुपारी अख्ख्या सोसायटीत मी, वॉचमन आणि तीन मांजरं. गॅसचं बुकिंग हल्ली नुसत्या मिस्ड कॉलनेही होतं, पण मी मुद्दाम पूर्ण फोन लावायचे. मराठीसाठी दोन दाबलं की रेकॉर्ड केलेली बाई बोलायची. आवाज चांगला होता तिचा, फक्त शेवटचा शब्द गिळायची. "आपले बुकिंग झाले आहे, धन्यवाद," असं ती म्हणाली की मी "ठीक आहे हं," म्हणायचे. एकट्या माणसाला सिलिंडर तीन-तीन महिने पुरतो, नाहीतर मी तिला आठवड्याला फोन केला असता.

अशात सोसायटीच्या फळ्यावर कागद लागला. एका संस्थेतर्फे पालिकेच्या शाळेतल्या चौथीच्या मुलांसाठी शाळा सुटल्यानंतरचा अभ्यासवर्ग, सोसायटीच्या ऑफिसात, दुपारी चार ते सहा. शिकवायला स्वयंसेवक हवेत. मी त्याच दिवशी नाव दिलं. समाजसेवा वगैरे माझ्या डोक्यातही नव्हतं. मला चार ते सहा बोलायला कोणीतरी हवं होतं.

संस्थेची कोऑर्डिनेटर म्हणजे पंचविशीची एक मुलगी. हातात टॅब, पाठीला सॅक, बोलणं गोड. तिने आम्हाला नीट समजावलं होतं, तिचा दोष काही नाही. असे वर्ग घेतल्याने मुलांच्या अभ्यासात खरंच फरक पडतो का, हे वरच्या लोकांना बघायचं होतं. म्हणून पहिल्या दिवशी वीस मार्कांची एक परीक्षा, तिचं नाव बेसलाइन. वर्षाच्या शेवटी तशीच दुसरी, ती एन्डलाइन. दोन्हींतला फरक म्हणजे वर्गाचा फायदा. फरक दिसला तर वर्ग पुढे चालू राहणार, नाही दिसला तर बंद.

"मॅम, मुलांना काही सांगायचं नाही हां. फक्त बघायचं," ती म्हणाली.

"कळलं," मी म्हटलं. आणि मला खरोखर कळलं असंच वाटलं होतं.

पहिल्या दिवशी चौदा मुलं आली. पेपर वाटून ती मुलगी पुढच्या सेक्टरमधल्या दुसऱ्या वर्गाचे पेपर द्यायला निघून गेली. ऑफिसात मी, चौदा मुलं आणि डोक्यावर करकरणारा पंखा. पाच मिनिटं झाली, दहा झाली. एकाही पेन्सिलीचा आवाज नाही. मुलं पेपरकडे बघत होती, पेपरावरून माझ्याकडे बघत होती, पुन्हा पेपरकडे. पुढच्या रांगेत एक मुलगी होती, दोन वेण्या, एका वेणीची रिबीन सुटलेली. तिच्यासमोर गणित होतं चारशे तीन वजा एकशे अठ्ठावन्न. तीनातून आठ जात नाहीत हे तिला कळलं होतं आणि तिथेच ती थांबली होती. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आवाज नाही, हुंदका नाही, नुसतं पाणी, आणि ते पेपरवर पडू नये म्हणून ती मान मागे करत होती.

माझ्याच्याने बघवेना. तेहतीस वर्षांत मी एकाही माणसाला असं शांततेत लटकत ठेवलं नव्हतं. मी तिच्याशेजारी खाली बसले.

"अगं, हातचा घे ना शेजारच्याकडून."

"शेजारी शून्य आहे," ती पुटपुटली.

"शून्याकडे मागून काय मिळणार? त्याच्याच घरी काही नाही. पुढच्या घरी जा."

तिने चाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि नाक पुसून गणित सोडवलं. मग तिच्या मागच्याने हात वर केला. मग त्याच्या शेजारणीने. धड्यावरचे प्रश्न मी मोठ्याने वाचून दाखवले, उत्तर कुठल्या ओळीत आहे तिथे बोट ठेवलं. शेवटचा प्रश्न होता 'माझे घर' यावर पाच ओळी लिहा. त्या तर मी सरळ सांगितल्या: माझे घर छान आहे, घरात आई-बाबा आहेत, सगळे आनंदाने राहतात. चौदा मुलांनी चौदा आनंदी घरं लिहिली.

मी यात काही वाईट केलं असं मला अजिबात वाटलं नाही. मार्क म्हटले की जास्त तेवढे चांगले, ही आमच्या पिढीची अक्कल. पहिल्याच दिवशी पोरांना शून्य पडलं तर संस्थेवाले म्हणतील ही मुलं कामाची नाहीत, आणि वर्ग सुरू व्हायच्या आधीच गुंडाळतील, असा माझा हिशेब. सगळ्यांना वीसपैकी पंधराच्या आसपास मार्क पडले. त्या रिबीनवालीला सोळा. घरी जाताना मी खूश होते. रात्री वरण-भात जेवताना स्वतःशीच दोन वाक्यं मोठ्याने बोलले, आवाज स्वच्छ आला.

मग ते वर्ष. अभ्यासवर्ग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मान खाली घालून लिहिणारी मुलं येतात. आमच्याकडे पहिला अर्धा तास पेन्सिलींना टोक काढण्यात आणि कोणी कोणाला ढकललं याचा निवाडा करण्यात जायचा. मग मी आवाज चढवायचे. काय बरं वाटायचं आवाज चढवायला! मुलं टरकायची नाहीत, उलट दुसऱ्या दिवशी माझी नक्कल करून दाखवायची. खरं सांगायचं तर कित्येक दिवस अभ्यास फक्त पाऊण तास झाला असेल. यातून कोणाच्या डोक्यात काय शिरत असेल याची मला स्वतःलाच शंका यायची.

ती रिबीनवाली मात्र कधी चुकली नाही. तिची शाळा सकाळची, साडेबाराला सुटायची. घरात ती आणि आई दोघीच, आणि आई मालाडला खोट्या दागिन्यांच्या कारखान्यात पॅकिंगला. आई साडेसहाला येईपर्यंत घराला कुलूप. कुलपाची किल्ली पोरीकडे द्यायला आई घाबरायची, आणि ते बरोबरच होतं. त्यामुळे ही साडेबारापासून कोणाच्या तरी ओट्यावर बसून चार वाजायची वाट बघायची. पावणेचारला मी ऑफिसचं कुलूप काढायला जायचे तर ही पायरीवर हजर. सहाला सगळे पळाले तरी ही चटया गुंडाळत रेंगाळायची. मीही रेंगाळायचे. दोघींनाही घरी जायची घाई नव्हती, हे आम्ही एकमेकींना कधी बोलून दाखवलं नाही.

दिवाळीनंतर एकदा मी फळ्याकडे तोंड करून उभी होते. मागे ती एका मुलाला वजाबाकी समजावत होती. "अरे, शून्याकडे काय मागतो? त्याच्या घरी काही नाही. पुढच्या घरी जा ना." माझंच वाक्य, माझ्याच सुरात. मला हसू आलं आणि लगेच रडूही. मी फळा पुसत राहिले, पुसायला फळ्यावर काही नव्हतं तरी. फेब्रुवारीत ती शेजारच्या दुकानाच्या पाट्या, बसवरची नावं, औषधाच्या बाटलीवरचा कागद, जे दिसेल ते मोठ्याने वाचत सुटली होती. तिची आई एकदा रविवारी भेटली तर म्हणाली, "टीचर, ही घरात पण गप्प बसत नाय आता."

मार्चच्या शेवटी एन्डलाइन झाली. या वेळी मला अक्कल आलेली होती. आता मुलांना येतंय, तर येतंय ते दिसू दे. मी खुर्चीवर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. एकाने हात वर केला, मी मान हलवली. दुसरा "टीचर," म्हणाला, मी खिडकीबाहेर पाहिलं. बोर्डावरच्या सगळ्या नोकरीत मला इतका त्रास झाला नसेल. पण पेन्सिली चालत होत्या. पूर्ण वेळ त्यांचा आवाज येत होता.

आठवड्याने कोऑर्डिनेटर आली. नेहमीसारखी हसली नाही. टॅब माझ्यासमोर धरला. पडद्यावर दोन रंगांचे खांब होते, एक पहिल्या परीक्षेचा, एक शेवटच्या.

"मॅम, तुमच्या सेंटरला काहीच वाढ नाहीये. थोडं खालीच आलंय."

पहिला खांब पंधराला होता, दुसरा चौदाला. वर्षभर शिकवून माझी मुलं एका मार्काने मागे गेली होती. पुढच्या सेक्टरमधला वर्ग चारावरून अकरावर गेला होता. तिथला मास्तर पहिल्या दिवशी मोबाइल बघत बसला होता, हे मला नंतर कळलं. त्याने काही केलं नव्हतं, म्हणून त्याचं सगळं बरोबर झालं.

मी तिला तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण साठी उलटलेल्या बाईने पोरीच्या वयाच्या मुलीसमोर कॉपी पुरवल्याचं कबूल करायचं, ही लाज मला गिळता आली नाही. मी म्हटलं, "असं कसं झालं असेल?" ती म्हणाली, "बघू या." आणि गेली.

दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी मी अंधेरीला संस्थेच्या ऑफिसात गेले. तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, शून्याच्या गणितापासून आनंदी घरांपर्यंत.

तिने हातातला टॅब बाजूला ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे बेसलाइन मुलांची नाहीच."

"नाही. ती माझी आहे."

"आणि एन्डलाइन?"

"ती मुलांची. मी हात मांडीखाली घेऊन बसले होते गं."

"मॅम, मी ठेवीन विश्वास. पण वर काय सांगू? पहिल्यांदा सांगितलं होतं, दुसऱ्यांदा नाही सांगितलं, हे कशावरून?"

"मग परत घ्या परीक्षा. मी बाहेर बसते."

"घेऊ. पण ताडून कशाशी बघणार? सुरुवात आता परत कशी घ्यायची?"

ती रागावली नाही, तिने मला चहा पाजला, जिन्यापर्यंत सोडायला आली. रागावली असती तर परवडलं असतं. एप्रिलमध्ये संस्थेचा टेम्पो आला, चटया, फळा, गोष्टींची पुस्तकं घेऊन गेला. सोसायटीच्या सेक्रेटरींनी ऑफिसला त्यांचं कुलूप लावलं. भेटल्या तेवढ्या आयांना मी सांगितलं, माझ्या घरी पाठवा, मी शिकवीन. पहिल्या आठवड्यात पाचजणं आली, मग दोन. मग शाळेला सुट्टी लागली, अर्धी मुलं गावाला गेली आणि उरलेल्यांची नावं पाचवीसाठी कुठल्या ना कुठल्या ट्यूशनला घातली गेली. आयांचं काही चुकलं नाही. ज्या वर्गाने मार्क वाढत नाहीत असं संस्थाच म्हणते, तिथे कोण पोर पाठवील?

माझी चूक मला कळली होती, पण तिची शिक्षा मुलांना झाली की मला, हे मी स्वतःला विचारायला घाबरत होते. मुलांना दुसरे वर्ग मिळाले. चार वाजले की मी मात्र उगीच चप्पल घालून दारात यायचे आणि परत फिरायचे.

मे महिन्यात एका दुपारी पावणेचारला बेल वाजली. दारात ती. केस कापलेले, रिबीन नाही.

"टीचर, ऑफिसला कुलूप आहे."

ती महिनाभर मामाकडे होती, तिला वर्ग बंद झाल्याचं कोणी सांगितलंच नव्हतं. मी तिला आत घेतलं, सरबत दिलं. ती भिंतीकडे बघत म्हणाली, "आज काय करायचं?"

बेसलाइनचे दोन कोरे पेपर माझ्या कपाटात राहिले होते. मी त्यातला एक काढला, पेन्सिलीला टोक करून दिलं आणि तिला जेवणाच्या टेबलाशी बसवलं. मी ओट्याशी उभी राहिले, पाठमोरी, भांडी विसळत. पेन्सिल चालू झाली. मध्ये एकदा थांबली. मी नळ बंद केला आणि वाट पाहिली. मग पुन्हा चालू झाली.

"झाला," ती म्हणाली. मग पेपर उलटा-सुलटा करून, "हा तोच आहे ना? पहिल्या दिवसाचा?"

"हो."

"तेव्हा तुम्ही सांगितलेलं."

"हो."

"मी घरी जाऊन आईला बोललेली, ही टीचर सांगते. ओरडत नाय. म्हणून मी दुसऱ्या दिवशी आली. नायतर मी येणार नव्हती."

मी चष्मा लावला आणि लाल पेन घेतलं. चारशे तीन वजा एकशे अठ्ठावन्न, दोनशे पंचेचाळीस. धड्यावरचे सगळे प्रश्न बरोबर. एक भागाकार चुकला होता, तिथे मी मार्क कापला. शेवटी 'माझे घर', पाच ओळी. तिने चार लिहिल्या होत्या. 'माझ्या घराला दुपारी कुलूप असते. मी टीचरकडे बसते. टीचरच्या घरी पण कोणी नसते. मग आम्ही दोघी असतो.'

मी ते दोनदा वाचलं. पाच ओळी मागितल्या होत्या, म्हणून तिथलाही एक मार्क कापला. या वेळी एकही मार्क माझा असायला नको होता. खाली वीसपैकी अठरा लिहून सही केली.

"हे कोणाला द्यायचं?" तिने विचारलं.

"कोणाला नाही. माझ्याकडे राहू दे."

"बरं." तिने सरबताचा ग्लास धुऊन पालथा घातला. "टीचर, आम्ही नालासोपाऱ्याला चाललो. रविवारी. इथली रूम सोडायला सांगितली."

सहाला मी तिला कोपऱ्यापर्यंत सोडायला गेले. शाळा कोणती बघितलीय, घराच्या आसपास कोणी आहे का, दुपारी कुठे बसशील, मी विचारत राहिले. तिला त्यातलं काही माहीत नव्हतं. कोपऱ्यावर ती म्हणाली, "तुम्ही पण या." मी म्हटलं, "येईन." तिच्याकडे पत्ता नव्हता आणि मी मागितलाही नाही, कारण तो तिच्या आईकडेही अजून नसावा.

तो पेपर मी चार दिवस टेबलावरच ठेवला. कोऑर्डिनेटरला फोटो पाठवावा असं मनात आलं, फोनही हातात घेतला. पण ती बिचारी विचारणार, मॅम, तुम्ही सांगितलं नाही कशावरून. शेजारच्या बाईंना दाखवावा म्हटलं तर त्या साडेसातला दमून येतात आणि मूल कोणाचं इथपासून सुरुवात करावी लागली असती. आई असती तर तिला वाचून दाखवला असता. तिला काही कळलं नसतं, पण "बरे पडले," म्हणाली असती.

पाचव्या दिवशी भात अर्धा शिजला आणि गॅस संपला. मी फोन लावला, मराठीसाठी दोन दाबलं. घसा खरखरत होता, म्हणून आधी पाणी प्यायले.

"आपले बुकिंग झाले आहे, धन्यवाद," बाई म्हणाली, शेवटचा शब्द गिळून.

"वीसपैकी अठरा पडले हो तिला," मी म्हटलं. "मी काही सांगितलं नव्हतं." पण तोवर तिकडून फोन बंद झाला होता.